‘भाषा, लिपी वा संस्कृती’ : यातला ‘वा’ कसा वाचायचा?

प्रश्न (अमळनेर) : राज्यघटनेच्या अनुच्छेद २९(१) प्रमाणे वेगळी ‘भाषा, लिपी वा संस्कृती’ असलेल्या नागरिकांच्या गटाला ती जतन करण्याचा हक्क आहे. आपली खानदेशातली अहिराणी देवनागरीतच लिहितात. मग लिपीपाशी हक्क अडतो का? शिवाय अनुच्छेदाच्या समासातल्या शीर्षकात ‘अल्पसंख्याक’ आहे.

उत्तर (धुळे) : नाही अडत, भाऊ. ‘वा’ एकदाच येतो, पण साऱ्या यादीला लागू होतो. ‘रेशनकार्ड, आधार वा वीजबिल आणा’ म्हटल्यावर तिन्ही कागद कोणी नेत नाही. पडताळा म्हणून तिथे ‘आणि’ घालून वाचा. मराठी, हिंदी, नेपाळी या तिघींची लिपी देवनागरी, म्हणजे त्याही बाद! ज्या अर्थाने हक्कच पोकळ होतो, तो अर्थ सोडून द्यायचा.

डीएव्ही कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य (१९७१) या निकालानुसार भाषिक अल्पसंख्याकांची निदान बोलण्याची भाषा वेगळी हवी. लिपी वेगळी असण्याची गरज नाही. मात्र तो निकाल अनुच्छेद ३०(१) वरचा, म्हणजे अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्था चालवण्याच्या हक्कावरचा आहे. २९ साठी दाखला देताना तसे स्पष्ट लिहा, नाहीतर समोरचा वकील तिथेच धरतो.

जळगाव : शीर्षकाचे वजन मजकुराहून कमी. मजकुरात नागरिकांचा कोणताही गट आहे, ‘अल्पसंख्याक’ नाही. सेंट झेवियर्स कॉलेजच्या निकालात (१९७४) २९(१) अल्पसंख्याकांपुरता मर्यादित नाही, असेच म्हटले आहे. ३०(१) मध्ये मात्र तो शब्द मजकुरातच आहे, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरते (टी. एम. ए. पै, २००२).

खरी कसोटी ‘वेगळी’ या शब्दाची. अर्जात अहिराणीला ‘मराठीची बोली’ लिहिले की पुढचा सगळा युक्तिवाद लंगडा होतो. जनगणनेत अहिराणी ‘खानदेशी’खाली, मराठीहून निराळी मोजतात. हा पुरावा झाला, कायद्यातली व्याख्या नव्हे. त्यामुळे व्याकरण जोडा : ‘माझा’ला ‘मना’, ‘तुझा’ला ‘तुना’, षष्ठीला ‘चा’ऐवजी ‘ना’. नुसत्या शब्दयाद्या देऊ नका. शब्द उसने येतात, प्रत्यय सहसा येत नाहीत.

अमळनेर : आणि ‘जतन’ म्हणजे कोश, लोकगीते जपणे एवढेच का, ताई?

जळगाव : नाही. जगदेवसिंग सिद्धांती विरुद्ध प्रतापसिंग दौलता (१९६४) या निवडणूक खटल्यात, भाषेच्या रक्षणासाठी चळवळ करणेही या हक्कात धरले आहे.