मुंबई–नागपूर: तिकिटावर दीड तास, तुमचा खरा किती?

विमानतळ ते विमानतळ सरळ रेघ मारली तर मुंबई–नागपूर अंतर जेमतेम 680 ते 690 किलोमीटर भरतं. रेल्वेने हेच 837. तिकिटावर साधारण दीड तास छापलेला असतो. पण घराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या पहिल्या चहापर्यंत किती वेळ जातो, ते लिहा. गूगलचे आकडे नकोत, स्वतःचे हवेत.

डोंबिवलीकर सून
सकाळी सहाचं विमान म्हणजे अडीच-तीनला टॅक्सी, कारण तेव्हा लोकल नसते. नाश्त्याला सासरी पोचते खरी, पण झोपेचं खोबरं. त्यापेक्षा कल्याणला विदर्भ एक्सप्रेस पकडायची आणि ताणून द्यायची. डिसेंबरात अधिवेशन लागलं की विमानाच्या भाड्याकडे बघवत नाही, अन् गाडीलाही वेटिंग!

विमानतळावर नोकरी केलेला
छापलेली वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पार्किंगला थांबलं की संपते. प्रत्यक्ष हवेत तास-सव्वा तासच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच कामाची. निघताना रांग, उतरताना घिरट्या, हे सगळं आधीच धरलेलं असतं. म्हणून तर वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमानही ‘वेळेत’ पोचतं. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. नागपूरला जाताना पाठीशी, येताना तोंडावर. थोडी मिनिटं तिथेही इकडची तिकडे होतात.

धंतोलीवाला
आमचं उलटं आहे बाप्पा. सोनेगाव विमानतळ घरापासून पंधरा-वीस मिन्टं, तरी बाबा तीन तास आधी बॅग दारात लावून ठेवतात. मागं आईनं सांबारवडीचा डबा देल्ला होता. सिक्युरिटीवाल्यानं उघडायले लावला, वास घेतला, अन् मले विचारते, “कढी नाही दिली का सोबत?” मुंबईत उतरल्यावर बॅगेसाठी पट्ट्यापाशी अर्धा तास, मंग कांदिवलीपर्यंत दीड तास. हवेत बसलो त्याहून जास्त हायवेवरच बसून राहिलो.

टपालवाल्यांची लेक
थोडं अवांतर. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. डकोटा विमानं, वेग आजच्या जेटच्या निम्म्याहून कमी. तरी मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! आमचे वडील हे सांगताना अजून खुर्चीत सरसावून बसतात.

ठाण्याचा समृद्धीवाला
5 जून 2025 ला इगतपुरी–आमणे तुकडा खुला झाल्यापासून आम्ही गाडीनेच जातो. 701 किलोमीटर, कागदावर आठ तास. आजीचे गुडघे आणि पोरांची भूक धरली की दहा. रस्ता इतका सरळसोट की डोळा लागतो, दुसरा चालवणारा हवाच. पाच माणसांचं विमानभाडं परवडत नाही. एकटा असेन तर सरळ विमान, उगाच फुशारकी नको.

खारघर, सेक्टरातली
25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. तिथून नागपूर कोणी केलंय का? पहाटे रिक्षा मिळते का, आत चालणं किती, व्हीलचेअर लगेच मिळते का? सासूबाईंना एकटीला पाठवायचंय.