पालिकेच्या शाळेसाठी भांडलेले, धडपडलेले कोण कोण आहेत इथे? (अनुभव धागा)

माझी लेक पालिकेच्या शाळेत चौथीला आहे, सेमी इंग्लिश. मागच्या वर्षी लक्षात आलं की ही सकाळी पाण्याचा घोट घेत नाही आणि भरून नेलेली बाटली तशीच परत आणते. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आई मुलींच्या संडासाला कडी नाहीये, एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं, आणि दार धरणारी आली नाही त्या दिवशी जायचंच नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कडी आणली, भावाकडून लावून घेतली, पंधरा दिवसांत निखळली. दाराचं लाकूडच कुजलेलं, स्क्रू धरतच नव्हता.

मग ऑफिसबाहेरचा शाळा व्यवस्थापन समितीचा बोर्ड पहिल्यांदा नीट वाचला. त्यातल्या दोन पालकांची मुलं केव्हाच शाळा सोडून गेलेली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (२००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला) या समितीत ७५ टक्के पालकच हवेत आणि एकूण निम्म्या बायका हव्यात, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही अकरा जणींनी नवीन समिती निवडा म्हणून अर्ज दिला, मग दारांसाठी ठराव, मग वॉर्ड ऑफिसच्या चकरा. सात महिने गेले. आता दारं नवी आहेत, आतून कडी लागते, आणि लेक बाटली रिकामी करून आणते.

तुमचे अनुभव लिहा. काय मागितलं, कोणाकडे मागितलं, किती दिवस लागले. मिळालं नसेल तर तेही लिहा, ते जास्त उपयोगी पडेल. ज्या शाळेबद्दल तक्रार आहे तिचं नाव टाकू नका, मुलं अजून तिथेच शिकतायत.

चाळकरी
मी परळच्या पालिका शाळेतला, १९८० च्या दशकातला. वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर घरात काही उरलं नाही पण शाळा सुटली नाही कारण फीच नव्हती. माझ्या मुलांना मात्र मी खासगी इंग्लिश शाळेत घातलं. त्याचं मला आज मनापासून वाईट वाटतं, कारण अर्ज लिहू शकणारा, साहेबासमोर बसून बोलू शकणारा पालक मी होतो आणि मीच निघून गेलो, असे आमच्या चाळीतले सगळेच गेले, मग मागे जे राहिले त्यांचं ऐकणार कोण?

गेली सहा वर्षं आम्ही माजी विद्यार्थी मे महिन्यात बाईंबरोबर घरोघरी फिरतो. मुंबईत पालिकेच्या शाळेत दप्तर, गणवेश, बूट, वह्या धरून २७ वस्तू फुकट मिळतात, मराठी-हिंदीपासून तमिळ-तेलुगू-कन्नडपर्यंत ८ भाषांत शिकवतात, हे शेजारच्या बिल्डिंगलाही माहीत नसतं. दारात आया दोन प्रश्न विचारतात, इंग्लिश आहे का आणि दहावीपर्यंत आहे का. दुसरा प्रश्न खरा आहे बघा. सातवीनंतर पोरगी कुठे जाणार हे सांगता आलं नाही तर पहिलीला कोण घालेल. म्हणून आमची सध्याची मागणी एकच, त्याच इमारतीत आठवी ते दहावी.

सुमनची आई
मला टायपिंग जमत नाही मुलगी लिहून देते आहे. मी चार घरची कामं करते. मीटिंग असायची सकाळी ११ ला, तेव्हा मी दुसऱ्या घरी भांड्यावर असते, सुट्टी घेतली की पैसे कापतात. मग काय व्हायचं, संध्याकाळी पोरांना न्यायला गेलं की शिपाई गेटवर वही पुढे करायचा, इथे सही करा, आम्ही करायचो. एक दिवस माझ्या मुलीने वही उघडून वाचलं तर त्यात लिहिलेलं की खिचडीचा दर्जा चांगला असून पालक समाधानी आहेत. आणि घरी येऊन पोरगा सांगतो डाळ म्हणजे पिवळं पाणी. त्या दिवसापासून मी वाचल्याशिवाय सही केली नाही. आम्ही बाकीच्या बायकांना पण सांगितलं. आता मीटिंग संध्याकाळी ६ ला घेतात आणि रोज एक आई आळीपाळीने खिचडी आधी चाखते, चव वहीत लिहिते. ज्या दिवशी कच्ची असेल त्या दिवशी कच्ची लिहायचं, घाबरायचं नाही.

खडूफळा
मी निवृत्त शिक्षिका, ३१ वर्षं पालिका शाळांत. सुमनच्या आईंना नमस्कार, तुम्ही केलंत ते फार मोठं काम आहे.

आतली गोष्ट सांगते. आम्ही शिक्षक तोंडी सांगून थकायचो, वरून उत्तर यायचं, बघू. पालकांचा अर्ज आला, त्यावर आवक नंबर आणि शिक्का पडला की तोच कागद टेबलावरून हलवणं भाग पडायचं. आमच्या शाळेत दोन बाई रिटायर झाल्या, पवित्र पोर्टलमधून (सरकारी शिक्षक भरतीचं संकेतस्थळ) नवीन कोणी येईना, तिसरी-चौथी एकाच वर्गात बसवून मी ७० मुलं सांभाळत होते. फळ्याच्या मध्ये खडूची रेघ मारायची, डावीकडे तिसरीचं गणित, उजवीकडे चौथीचं. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. हजेरीपटाचा आकडा घालून ६२ पालकांनी सह्यांचं पत्र दिलं, तेव्हा दीड महिन्यात एक शिक्षक आला. माझी पत्रं त्याआधी दोन वर्षं पडून होती.

अजून एक. त्याच कायद्याच्या कलम २२ खाली शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि अनुदान त्याच्या आधारावर ठरतं. बहुतेक ठिकाणी तो ऑफिसात भरून पालकांची फक्त सही घेतात. तुमची भिंत, तुमचा नळ त्या आराखड्यात नसेल तर बजेटमध्ये कुठून येणार? आधी तो मागून घ्या आणि वाचा.

मैदान हवं
आमचं काम झालं नाही, तरी लिहितो. शहराचं नाव लिहीत नाही. शाळेच्या मैदानाच्या अर्ध्या भागात पालिकेच्याच गाड्या उभ्या राहायला लागल्या, मुलं पीटीला कॉरिडॉरमध्ये. माहिती अधिकारात अर्ज टाकला. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच आणि १५० शब्दांच्या आत, हे माहीत नव्हतं म्हणून पहिला अर्ज परत आला. दुसऱ्याला उत्तर मिळालं की मैदान शाळेच्याच नावावर आहे आणि पार्किंगचा लेखी आदेश आढळून येत नाही. म्हणजे कागदावर आम्ही जिंकलो, गाड्या तिथेच. तेव्हा महापालिकेची मुदत संपलेली, प्रशासक बसलेले, नगरसेवक नव्हते म्हणजे सभेत प्रश्न विचारायला माणूसच नव्हता. चार वर्षांत माझा मुलगा त्या शाळेतून बाहेरसुद्धा पडला, एकदाही मैदानावर मॅच न खेळता. अर्ज मी अजून करतोय.

रॅम्पवाला बाबा
मुलगा व्हीलचेअरवर. रॅम्प मागितला, आठ महिन्यांत बांधून दिला, उद्घाटनाला मीच आनंदाने पेढे नेले. चढवायला गेलो तर इतका उभा की मला दोन्ही हातांनी ढकलताना पाय घसरायला लागले, आणि वर दाराशी चार बोटांचा उंबरठा तसाच ठेवलेला. १ फूट चढायला १२ फूट लांबी लागते हे मीच नंतर शोधून काढलं. पुन्हा अर्ज, पुन्हा पाच महिने. दुसऱ्या वेळी गवंड्याच्या शेजारी मी टेप घेऊन उभा होतो आणि मुलाला घेऊन ओल्या सिमेंटच्या आधी फळी टाकून ट्रायल घेतली. काम चालू असताना तिथे हजर राहा, एवढंच सांगेन.

मिशिगनकाठ
मी शिकागोत राहते, मुलं इथल्या सरकारी शाळेत. इथे १९८८ च्या कायद्याने बहुतेक सरकारी शाळांना स्वतःचं कौन्सिल आहे, त्यात ६ पालक निवडून येतात, आणि मुख्याध्यापक कोण हवा ते हे कौन्सिल ठरवतं, चार वर्षांचा करार असतो. मी दोन वर्षं त्यात आहे. पहिल्यांदा मुख्याध्यापकांच्या मुलाखतीला बसले तेव्हा आपल्याकडे पालकांना ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवतात ते आठवून घसा दाटून आला होता. पण अधिकार असला की शाळा सुरक्षित असंही नाही. २०१३ मध्ये इथे एका झटक्यात जवळजवळ ५० शाळा बंद केल्या, बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या. २०१५ ला बंद केलेल्या डायट हायस्कूलसाठी पालक आणि वस्तीतले मिळून १२ जण उपोषणाला बसले, ३४ दिवस. ती शाळा पुढच्या वर्षी उघडली.

काढून घेतलं
मी लढले आणि दोन वर्षांनी मुलाला काढलं. वर्गाला शिक्षकच नव्हता, त्याचं वाचन मागे पडत होतं. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत २५ टक्के जागा राखीव असतात, त्यांच्या लॉटरीत नंबर लागला. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम केला होता की १ किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगीत ती जागाच नाही, त्या दिवसांत मी नुसती रडत होते. जुलैमध्ये हायकोर्टाने तो रद्द केला. मला शिव्या घालू नका.

कडी (धागा माझा)
काढून घेतलं ताई, इथे कोणी शिव्या घालणार नाही. पोराचं वर्ष परत येत नाही, तुम्ही आईचं काम केलंत. दुसरं दार बंद करून आमच्या शाळा भरू नयेत, त्या चांगल्या करून भराव्यात असंच मला वाटतं.

खडूफळा बाई, ठराव कसा लिहायचा ते सांगाल का? पाण्याच्या टाकीला झाकण नाही, आत कबुतराची पिसं सापडली.

खडूफळा
असं लिहा: "शाळेच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीस झाकण नाही. टाकी तातडीने साफ करून झाकण बसवावे व दर तीन महिन्यांनी साफसफाईची तारीख टाकीवर रंगवावी, असा ठराव सर्वानुमते मंजूर." खाली सूचक, अनुमोदक, हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या, आणि सह्यांच्या खाली रेघ मारा म्हणजे नंतर कोणी काही घुसवणार नाही. वहीच्या पानाचा तिथेच फोटो काढा.

कडी (धागा माझा)
उतरवून घेतलं. शनिवारी ६ ला मीटिंग आहे, तेरा जणी येतायत. टाकीचा फोटो आजच काढून आणला, पिसांसकट.