मदत हवी आहे: पायथनमध्ये रीलोड करूनही जुनंच फंक्शन चालतंय

इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम) चालू ठेवून मी मॉड्यूलची, म्हणजे इम्पोर्ट करून वापरायच्या कोडची, फाइल बदलतो. पुन्हा इम्पोर्ट केलं तर फरक पडत नाही, ते का हे कळलं: एकदा लोड झालेलं मॉड्यूल 'सिस डॉट मॉड्यूल्स'मध्ये (लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या नोंदीत) राहतं, पुढचा इम्पोर्ट तिथूनच उचलतो, फाइल परत चालवत नाही. म्हणून फाइल परत चालवणारं 'इम्पोर्टलिब'मधलं 'रीलोड' वापरलं. आता मॉड्यूलचं नाव लावून कॉल केलं की नवं फंक्शन चालतं, पण 'फ्रॉम'वाल्या इम्पोर्टने मॉड्यूलमधून थेट आणलेलं फंक्शनचं नाव जुन्यालाच चिकटून बसलंय! (पायथन कंपाइल केलेला कोड साठवतो तो पायकॅशचा फोल्डरही उडवून पाहिला, उगाच.) रीलोडनंतर प्रत्येक फाइलीत ती 'फ्रॉम'ची ओळ पुन्हा चालवणं हाच उपाय आहे का? आणि मॉड्यूलमधल्या क्लासवरून (ऑब्जेक्टच्या साच्यावरून) आधी बनवलेले ऑब्जेक्ट जुन्याच क्लासचे राहतात, त्यांचं काय करायचं? इंटरप्रिटर बंद केला तर सगळा डेटा परत लोड करावा लागतो, ते टाळायचंय.