मदत हवी आहे: बसमार्गांमधलं अंतर आणि फ्रिक्वेन्सी, उत्तर ०.१९ येतंय

कोपरी_गणित: उद्या सकाळी प्रोजेक्ट दाखवायचाय, लवकर सांगा प्लीज. नवी मुंबईतल्या कोपरखैरणेसारख्या भागात समांतर बसमार्ग किती अंतरावर हवेत आणि बस किती वेळाने सोडायची? बसचा, वाट पाहण्याचा आणि चालण्याचा खर्च मिळून कमीत कमी करायचाय. डेरिव्हेटिव्ह शून्य केलं तर ०.१९ मिनिट येतंय. म्हणजे दर अकरा सेकंदांना बस! दोनदा तपासलं.

सेक्टर१५: आकडे कुठायत? एककं काय घेतलीत?

रोजचा_प्रवासी: गणित राहू दे. संध्याकाळी स्टेशनबाहेर वीस मिनिटं काही नाही, मग एकामागोमाग दोन बस. पहिलीत फुटबोर्डावर माणसं, दुसरीत कंडक्टर रिकाम्या सीटवर बसून सुट्टे मोजतोय. मार्ग कमी करा, पण दहा मिनिटांनी बस द्याच.

सेक्टर१५: हेही गणितच आहे. दहा मिनिटांनी बस असली तर सरासरी पाच मिनिटं वाट पाहावी लागते. वीस मिनिटांनी जोडीने आल्या तर बस तेवढ्याच, वाट पाहणं दहा मिनिटं.

घणसोलीचे_काका: घणसोलीहून वाशीला लोकल बरी की बस? गुडघ्यांमुळे पुलाचे जिने चढवत नाहीत.

कोपरी_गणित: काका, वेगळा धागा काढा ना. आकडे: चौरस किमीला तासाला २०० प्रवासी, वेळेची किंमत तासाला ६० रुपये, बस किमीला ८० रुपये, बस दोन्ही दिशांनी धावते म्हणून दुप्पट. चाल ताशी ४ किमी, दोन्ही टोकांना मार्गांमधल्या अंतराच्या पावपट चालणं.

जुना_प्लॅनर: रस्ते सिडकोने कधीच आखलेत, अंतर काय शोधताय? ते गृहीत धरा आणि अर्थतज्ज्ञ मोहरिंगचा १९७२चा वर्गमुळाचा नियम लावा. मागणी चौपट, तर फेऱ्या दुप्पट.

सेक्टर१५: प्रश्नात अंतरही शोधायचंय, म्हणून घनमूळ येतं. मागणी आठपट झाली की अंतर आणि वेळ दोन्ही निम्मे. कोपरी, वेळेची किंमत तासाची घेतलीत ना? मग ०.१९ तास. अकरा मिनिटं.

जुना_प्लॅनर: घनमुळाने रस्ते सरकत नाहीत. बस आहे त्याच रस्त्यावरून जाणार.

कोपरी_गणित: अरे देवा, तासच! अंतर ०.७५ किमी आलं. पण तिन्ही खर्च सारखेच येताहेत, ११२९ रुपये. हेही चुकलं का?

सेक्टर१५: नाही, या सूत्रात ते सारखेच यायला हवेत. तोच ताळा उद्या दाखवा.

रोजचा_प्रवासी: काका, बस घ्या. फक्त जोडीने आल्या तर मागची पकडा.