मॉस्को-पीटर्सबर्ग सोडून रशियात कुठे जावं?

पंचवटीकर: सप्टेंबरात मी आणि बायको रशियाला जायचं म्हणतोय. इथले टूरवाले मॉस्को-पीटर्सबर्गच्या पुढे सरकत नाहीत. आम्हाला तिथली वेगवेगळी माणसं बघायचीत. बायको शाकाहारी, अंडंही चालत नाही. कुठे जावं?

ओझरचे काका: मी एचएएलमधून निवृत्त. सुखोई-३० विमानांच्या कामामुळे सायबेरियात इर्कुत्स्कला राहिलोय, तेव्हा तिकडचंच सांगणार. बैकल तलाव बघालच, पण तेवढ्यावर परत फिरू नका. इर्कुत्स्कहून उलान-उदेला दिवसाच्या गाडीने जा आणि डावीकडची खिडकी धरा. बराच वेळ रूळ पाण्याच्या काठाकाठानेच जातात. वाटेत स्ल्युद्यांका लागतं, तिथलं स्टेशन चक्क संगमरवरी आहे.

उलान-उदे ही बुर्यातियाची, म्हणजे बुर्यात लोकांच्या प्रांताची राजधानी. चौकात लेनिनचं नुसतं डोकं, ७.७ मीटर उंच! आणि शहराबाहेर इव्होल्गिन्स्कचा बौद्ध मठ, तोही स्टालिनच्या राजवटीत, १९४५ साली उभा राहिलेला. रस्त्याकडेच्या झाडांना रंगीत पट्ट्या बांधलेल्या दिसतील. बुर्यात घरी प्यायला बसलं की आधी बोट बुडवून थेंब उडवतात, आपण चित्राहुती घालतो तसं. मला ते फार आवडलं.

सूनबाईंचं मात्र अवघड आहे. बूझी म्हणजे वाफवलेले मोदकासारखे दिसणारे, पण आत मटण नाहीतर बीफ. आंबट साय आणि पीठ शिजवून केलेलं सलामत मिळालं तर सोडू नका.

कॉलेजरोडवाली: मग आधी कझान करा, तातार लोकांच्या प्रांताची राजधानी. मॉस्कोहून रात्रीच्या गाडीत झोपलं की सकाळी पोचता. तिथल्या क्रेमलिनच्या, म्हणजे किल्ल्याच्या, एकाच तटबंदीत कुल शरीफ मशीद आणि जुनं चर्च आहे. किस्तिबी मागा, घडी घातलेली पोळी, आत कुस्करलेला बटाटा. कणकेत अंडं आहे का ते विचारून घ्या. चक-चक ही मधातली तळलेली मिठाई जो तो पुढे करेल, पण त्यात अंडं असतंच.

पंचवटीकर: काका, कार्ड चालेल ना?

ओझरचे काका: नाही रे बाबा. मार्च २०२२ पासून बाहेरच्या देशांतली व्हिसा-मास्टरकार्ड तिकडे बंद आहेत. डॉलर रोख ने, नोटा कोऱ्या बघून घे, आणि तिकडे बँकेतच बदल. चहाचं प्रिमिक्सही घे, गाडीच्या प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा बंब असतो.

पंचवटीकर: प्रिमिक्स बायकोने आत्ताच यादीत टाकलं. कझान नक्की, उलान-उदेचं रजा किती मिळते त्यावर.