एका कानाचा ससा (तुमचं पहिलं विणलेलं जनावर कसं निघालं?)

सुईदोरा

काल माळा आवरताना एक पिशवी सापडली, तोंडाला गाठ मारलेली. उघडली तर आत ससा. क्रोशाचा. एक कान जागेवर शिवलेला आणि दुसरा अजून सुईवरच, अर्धवट, सुई तशीच लूपमध्ये अडकलेली. ओळ कुठे सुरू होते ते कळावं म्हणून लावलेली सेफ्टी पिन गंजून लोकरीला तपकिरी डाग पडलाय. लेकीसाठी करायला घेतला होता, ती तेव्हा रांगत होती, आता माझी चप्पल तिला लहान होते. मध्ये घर हलवलं, आणि ससा पिशवीत गेला तो गेलाच.

रात्री म्हटलं चला, कान पुरा करू. पॅटर्नचा कागद अर्थातच नाही. पहिल्या कानाच्या ओळी सुईच्या टोकाने एकेक करून मोजल्या, २२ भरल्या. दुसऱ्याच्याही २२ केल्या. तर हा कान बोटभर लांब! परत मोजलं, २२च. वर टोकाकडे घट्ट, खाली बुडाकडे पसरट. कान नाही, नरसाळं झालंय. सुई तीच, लोकर त्याच गुंड्याची, मग माझ्याच हाताला झालं काय?

तर तुमच्या लोकरीच्या जनावरांचे अनुभव लिहा. पहिलं कसं झालं, कुठे फसलं, अजून आहे का. (धाग्यावर धागा हा विनोद मीच करून टाकते, म्हणजे कुणाला करावा लागणार नाही.)

गुंतवळ

हत्ती. मला कुणी सांगितलंच नव्हतं की हे गोल गोल जिन्यासारखं चढत जायचं असतं, ओळ बंद करायचीच नसते. मी इमानदारीत प्रत्येक ओळीच्या शेवटी स्लिप स्टिच (जोडणारा टाका) घालून बंद करत गेले, मग एक साखळी, मग पुढची ओळ. त्यामुळे हत्तीच्या कपाळापासून सोंडेपर्यंत तिरकी जाणारी एक शिवण तयार झाली. भाचा म्हणाला याचं ऑपरेशन झालंय का. मी हो म्हटलं. मग तो त्याला रोज औषध द्यायचा, कानात थर्मामीटर घालायचा, त्याच्या दृष्टीने तो आजारीच हत्ती होता. अजून आहे, अजून बरा झालेला नाही.

तिसरा_प्रहर

फोटो टाक ना सशाचा

गुंतवळ

हो फोटो पायजेच

डावखुरा_बाबा

मी पुरुष, आधीच सांगतो म्हणजे पुढे ताई ताई होणार नाही. मुलगी झाली तेव्हा रात्रीची जागरणं माझ्याकडे होती, तिला मांडीवर घेऊन हात मोकळे राहायचे आणि फोन बघून डोळे दुखायचे, म्हणून शिकलो. पण मी डावरा. व्हिडिओतली बाई उजव्या हाताने उजवीकडून डावीकडे जाते आणि माझं सगळं उलटं. तीन रात्री मॅजिक रिंगच जमेना, म्हणजे सुरुवातीचं ते ओढून बंद करायचं लोकरीचं कडं. शेवटी बायकोने तो व्हिडिओ आरशासारखा उलटा करून दिला तेव्हा कुठे जमलं. मांजर केलं. दोन आठवडे लागले. फार अभिमानाने एका मैत्रिणीला दाखवलं, ती म्हणाली छान आहे पण हे आतून बाहेर आहे. म्हणजे काय? तर सुलट्या बाजूने टाके व्ही सारखे दिसतात आणि उलट्या बाजूने आडव्या दांड्या दिसतात, आणि माझ्या मांजराच्या सगळ्या अंगावर दांड्याच दांड्या. तोपर्यंत कापूस भरून तोंड शिवून झालं होतं. मी म्हटलं हे पट्टेरी मांजर आहे.

मुलगी ६ वर्षांची आहे आता, झोपताना तेच लागतं. नंतरची सुलटी चार केली त्यांना विचारत पण नाही.

माऊचीआई

"आधीच सांगतो म्हणजे ताई ताई होणार नाही" हाहाहा. बरं झालं सांगितलंत दादा

आमच्याकडे खरं मांजर आहे त्यामुळे लोकरीचं काहीही पूर्ण होत नाही. गुंडा सोफ्याखाली, सोफ्याखालून पडद्यामागे, पडद्यामागून परत. आता झाकणाच्या डब्याला भोक पाडून त्यातून लोकर ओढते. तर ते डब्यावर बसतं.

आजी_ऑनलाइन

आमच्या वेळी हे मॅजिक रिंग वगैरे नव्हतं. दोन साखळ्या घालायच्या आणि पहिल्या साखळीतच ६ मुके खांब घालायचे, झालं गोल. तुम्ही ज्याला सिंगल क्रोशे म्हणता, तो साधा बुटका टाका, तो आमचा मुका खांब. मी जन्मभर रुमाल, टेबलक्लॉथ आणि झबली विणली. जनावर पहिल्यांदा ७१व्या वर्षी केलं. नातीने इंग्रजीत पॅटर्न पाठवला, तिला म्हटलं मला फक्त आकडे वाच. ६, १२, १८, २४, प्रत्येक ओळीत सहा वाढवायचे. मग मध्ये काही ओळी तेवढेच ठेवायचे आणि मग तसेच सहा सहा कमी करत यायचं. हे तर सोपं आहे. चेंडू आला की जनावर आलं. डोकं चेंडू, पोट चेंडू, पाय म्हणजे लांबट चेंडू. अस्वल केलं. छान झालं.

गुंतवळ

आजी तुम्ही चार वाक्यांत सांगितलं ते कळायला मला एक हत्ती लागला

कासवगती

कुणी इंग्लिश आणि अमेरिकन घोटाळ्यात सापडलंय का माझ्यासारखं? कासवाचा पॅटर्न होता, जुना, त्यात सगळीकडे डबल क्रोशे. मी आपली अमेरिकन व्हिडिओ बघून शिकलेली, मी डबल म्हणजे उंच खांब घातले. कासव वाढता वाढता वाढे, पाठ बशीएवढी होणार होती ती ताटाएवढी झाली. आणि खांबांच्या मधून एवढाल्या फटी, कापूस भरला की सगळीकडून पांढरे केस बाहेर. म्हातारं कासव. नंतर कळलं की तो पॅटर्न इंग्लंडचा, आणि त्यांचं डबल म्हणजे अमेरिकेचं सिंगल. अरे मग वर लिहा ना कुणीतरी! आता पॅटर्न हातात घेतला की आधी सिंगल हा शब्द शोधते. इंग्लंडच्या भाषेत सिंगल नसतोच, तो दिसला की जीव भांड्यात पडतो.

तिसरा_प्रहर

म्हातारं कासव 😂😂 तसंही कासव म्हातारंच असतं

बटणडोळे

डोळ्यांचं कुणीच लिहिलं नाही अजून? माझं सगळं दुःख डोळ्यांत आहे. ते प्लॅस्टिकचे सेफ्टी आय मिळतात ना, मागे दांडा आणि त्याला चकती. चकती एकदा टक् करून बसली की ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. त्यामुळे आधी नुसते दांडे खोचून लांबून बघायचं, उजेडात बघायचं, दुसऱ्या दिवशी परत बघायचं, मगच चकती. हे ज्ञान मला अस्वलानंतर आलं. रात्री साडेबाराला लावले, सकाळी बघितलं तर एक डोळा एक ओळ वर. एकच ओळ! पण तेवढ्याने तो माझ्याकडे असा बघतो की जणू मी काहीतरी उसने घेऊन परत दिलेलं नाही.

दुसरं, घट्ट विणलं नाही तर दांड्याभोवती भोक मोठं होतं. लोकरीच्या लेबलवर ४ ची (मिलिमीटर) सुई लिहिली असेल तर मी अडीच किंवा तीनची घेते. स्वेटरसाठी तो नंबर ठीक, खेळण्याला कापूस दिसता कामा नये.

दोनजुळी

बटणडोळे, नाव सेफ्टी आय असलं तरी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लावू नका हं प्लीज. मुलं चावून चावून भोवतीची लोकरच सैल करतात. काळ्या दोऱ्याने भरून काढा. मला जरा जास्तच भीती आहे याची, कारण सांगते.

माझी जुळी ३१व्या आठवड्यात झाली. दोघं काचेत. मी बाहेर बसून नुसती दाराकडे बघायचे. तेव्हा कुणीतरी ऑक्टोपसबद्दल सांगितलं, डेन्मार्कमध्ये २०१३ पासून लवकर जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस करून देतात. बाळ त्याचे पाय धरून ठेवतं म्हणे, नाळेसारखे वाटतात, आणि मग नळ्या ओढत नाही. खरंच तसं होतं का ते डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत, पण मला तेव्हा हाताला काहीतरी हवं होतं. नियम कडक असतात त्याचे. पूर्ण सुती धागा, ६० डिग्रीला धुता आला पाहिजे, डोळे भरलेलेच, आणि पाय ताणून २२ सेंटीमीटरच्या वर नकोत, म्हणजे बाळाभोवती गुंडाळले जाणार नाहीत. मी पट्टी घेऊन बसायचे. १६ पाय मोजले. एक साडेबावीस भरला तो उसवून परत केला.

आणि मग दवाखान्यात सांगितलं की आत कुठलंच खेळणं चालणार नाही. त्यांचंही बरोबर होतं, मीच आधी विचारायला हवं होतं. पण पिशवी घेऊन परत वॉर्डच्या बाहेर येऊन बसले ना, ते आठवलं की अजून घशात येतं.

घरी आली दोघं तेव्हा दिले. आता चार वर्षांची आहेत. एकाने ऑक्टोपसचे तीन पाय चावून चोथा केलेत आणि दुसरी त्याला वेणीफणी करते.

आजी_ऑनलाइन

बाळांनो सुखी राहा.

माऊचीआई

दोनजुळी 🤗 तो साडेबावीसचा पाय उसवलात ते वाचून थांबलेच मी

मखमल_नको

विषयांतर करते. पाणी येणारी लोकर, सॉरी ऑटोकरेक्ट, पाणीदार दिसणारी ती मखमली लोकर कुणी वापरली आहे का? पेंग्विन करायला घेतला. टाके दिसतच नाहीत!! सगळं झुपकेदार. डोळे मिटून बोटाने चाचपत टाका शोधायचा, मोजायचं तर विसराच. मॅजिक रिंग ओढली तर तटकन तुटली, दोनदा. तिसऱ्या वेळी आजींची दोन साखळ्यांची युक्ती माहीत असती तर. आणि उसवलं की झुपके गळून नुसती दोरी उरते. पेंग्विन झाला पण एकदम गुबगुबीत, मऊ, सगळे मिठ्या मारतात आणि मला त्याचं तोंड बघवत नाही.

तिसरा_प्रहर

मशीन संपल्याचं वाजतंय, कपडे वाळत घालून येते मग लिहिते माझा अनुभव

कासवगती

या विणलेल्या जनावरांना अमिगुरुमी म्हणतात ना, तो शब्द ऐकला तेव्हा मला ते कुणाचं तरी आडनाव वाटलं होतं. जपानी आहे, अमी म्हणजे विणलेलं आणि नुइगुरुमी म्हणजे भरलेलं खेळणं, दोन्ही मिळून.

फावलावेळ

मला राग काढायचाय, चालेल ना. "तू फावल्या वेळात करतेसच ना, मला पण एक कर की." हे वाक्य ज्यांनी ज्यांनी मला म्हटलंय त्यांना एकेक सुई देऊन बसवायचंय. वीतभर जिराफाला मला १४ तास लागले. मान सरळ राहत नव्हती, तीन वेळा कापूस काढून परत भरला, एकदम मोठा बोळा कोंबायचा नसतो, थोडा थोडा काडीने ढकलत न्यायचा असतो, हे मला तिसऱ्यांदा कळलं. ठिपके वेगळे विणून एकेक शिवले, २३ ठिपके. आणि ज्यांना दिला त्यांनी विचारलं की हे मशीनवर करतात ना. क्रोशे मशीनवर होत नाही हो! ते दोन सुयांचं विणकाम मशीनवर होतं. क्रोशाचं जे जे म्हणून दुकानात लटकलेलं दिसतं ते कुठेतरी कुणीतरी हाताने विणलेलं असतं. मी आता बघितलं की आधी टाके बघते आणि त्या बाईचा अंगठा दुखत असेल का हा विचार येतो.

गुंतवळ

अंगठा!! माझा उजवा. अर्ध्या तासाने सुई खाली ठेवायचीच असा नियम केलाय, पाळत नाही

डावखुरा_बाबा

जाड रबरी मुठीची सुई घ्या, पुष्कळ फरक पडतो. मला मनगटाचा होता त्रास.

बटणडोळे

सुईदोरा, तुझ्या कानाचं मघापासून डोक्यात घोळतंय. एक बघ. शिवलेल्या कानाचे टाके जवळून बघ, व्ही सारखे आहेत की फुलीसारखे?

सुईदोरा

थांब, चष्मा आणते.

अगं फुल्या आहेत! सगळ्या कानभर बारीक बारीक फुल्या. आणि दुसऱ्या कानात टोकाकडे फुल्या आणि काल रात्री केलेल्या ओळींत व्ही. हे काय आहे?

बटणडोळे

मग हात सैल पडला नाहीये तुझा. टाक्यात सुई घातल्यावर लोकर सुईवरून घेतली की व्ही येतो, आणि सुईच लोकरीवर नेऊन तिला खालून पकडून ओढली की फुली येते. फुलीचा टाका बुटका आणि घट्ट. तू तेव्हा मनाने शिकली होतीस ना? बरेच जण मनाने शिकताना खालूनच पकडतात, तेच सोपं पडतं. नंतर कधीतरी व्हिडिओ बघून पद्धत बदललीस आणि तुला कळलंही नाही.

सुईदोरा

आईशप्पथ. मला कुणी शिकवलंच नव्हतं, आईचा रुमाल समोर ठेवून बघून बघून केलं होतं. आणि मागच्या वर्षी टोपी शिकले ती व्हिडिओवरून.

म्हणजे कालचं सगळं उसवायचं.

मखमल_नको

उसव गं. साधी लोकर आहे, सुखाने उसवेल.

कासवगती

उसवलेली लोकर कुरळी झाली असेल तर ओली करून वजन लावून लटकव, सरळ होते

सुईदोरा

एवढा धीर कुणाला आहे. उसवली पण. लेक येऊन बघून गेली, म्हणाली हा माझा आहे ना मग एवढा घाण का आहे. पिनेचा डाग दाखवला, तर तो कानाच्या मागच्या बाजूला घे म्हणाली, पुढून दिसणार नाही.

खालून पकडायला बोटं विसरलीयेत, दर चौथा टाका परत व्ही होतोय. पण पहिल्या कानाशेजारी धरून बघितलं, रुंदीला जुळतंय. १४व्या ओळीवर आहे. आता कुणी काही विचारू नका, मोजतेय.

तिसरा_प्रहर

आले कपडे घालून. काय काय झालं? ससा कुठंय, फोटो टाकला का?