कौलातला कवडसा आणि सूर्याचा व्यास

वर एकांनी लिहिलंय की दुर्बीण नसेल तर सूर्य-चंद्राचे आकार नुसते पुस्तकातून मान्य करायचे, हे मला अजिबात पटत नाही. इंदूरला राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या घरात दुपारी माळ्यावर कौलातल्या बारीक भोकातून कवडसा पडायचा, तो गोल असतो ना, तो भोकाचा आकार नाही, चक्क सूर्याची प्रतिमा आहे! काकांनी एकदा पुठ्ठा किरणांना काटकोनात धरायला लावला आणि मोजलं, भोकापासून पुठ्ठा २१५ सेंमी, कवडसा २ सेंमी, म्हणजे गुणोत्तर साधारण १०७. सूर्याचं अंतर आणि त्याचा व्यास यांचंही गुणोत्तर हेच. आता सूर्य १५ कोटी किमी लांब, भागिले १०७, झाले १४ लाख किमी. खरा व्यास १३.९ लाख! (जमिनीवरच मोजलं तर कवडसा लंबगोल येतो, मग आखूड बाजू घ्या. आणि भोकातून सूर्याकडे बघू नका प्लीज.)

चंद्र आकाशात जवळपास तेवढाच दिसतो, म्हणून गुणोत्तरही जवळपास तेच, ११० धरू; चंद्राचं अंतर ३,८४,४०० किमी भागिले ११० केलं की व्यास ३,५०० किमीच्या आसपास.

अंतर आधी माहीत लागतं हे मान्य, पण चंद्रग्रहणात तेही लागत नाही. पृथ्वीच्या सावलीची कड चंद्रावर किती वाकलीय त्यावरून सावली चंद्राच्या पावणेतीनपट निघते, आणि सूर्य-चंद्र आकाशात सारखेच दिसत असल्याने तिथवर पोचेपर्यंत ती पृथ्वीपेक्षा एका चंद्राच्या व्यासाने कमी झालेली असते, म्हणून पृथ्वी पावणेचार चंद्रांएवढी. ग्रीक खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅरिस्टार्कसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने हिशोब केला होता, फक्त त्याने सावली दुप्पट धरली.